कप्पे

आमच्या शाळेत, खानापुरात, संगणक सात.
चालणारे चार. त्यातल्या एकाचं ‘क’ बटण रुसलेलं,
म्हणून त्या यंत्रापुरतं
तिसरं उत्तर कधीच बरोबर नसतं.

रात्री जेवणं उरकली की मी प्रश्न लिहीत बसतो.
बरोबर उत्तर पुस्तकातच असतं, त्याला कष्ट नाहीत.
घाम फुटतो तो चुकीची तीन घडवताना.
खोटी असावीत, पण लग्नात जेवून जाणाऱ्या
अनोळखी पाहुण्यासारखी
कुणीतरी ओळखीचीच वाटावीत.

मग नववीचे जुने पेपर उघडतो.
‘झाडं रात्री मुळांत जाऊन झोपतात’:
सातेरी गुंजीकर, तीन वर्षांपूर्वी.
तेव्हा मी लाल रेघ मारली होती.
आता तेच वाक्य उचलून पर्याय ‘ड’ला ठेवतो
आणि मनातल्या मनात त्याची माफी मागतो.

बरोबर आलं तर घंटा,
चुकलं तर बेडूक पाण्यात उडी मारतो, डुबुक.
पहिल्याच तासाला सगळा वर्ग मुद्दाम चुकू लागला.
डुबुक. डुबुक. डुबुक.
हेडसर दारात: “काय ओ,
पोरांना मलप्रभेवर आणलासा काय?”
त्या रात्री बेडूक काढून टाकला.

प्रश्न सतरावा.
बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?

मादेवी हडपद पडद्याकडे बघतच राहिली.
घरी कन्नड, शाळेत मराठी,
बाप कित्तूरहून बदलून आलेला.
“सर, बेडकाच्या हृदयात बेडूक किती,
असं का विचारलाय ओ?”

कप्पे म्हणजे बेडूक, तिच्या आईच्या भाषेत.
चाळीस वर्षं या तालुक्यात काढून
हे दोन शब्द मी कधी शेजारी बसवले नव्हते.
वर्ग हसला. ती हसली नाही.
तिला उत्तर हवं होतं.

म्हटलं, कप्पे म्हणजे खोल्या. तीन.
वर दोन, खाली एक.
दोन्हीकडचं रक्त खालच्या एका खोलीत येतं,
तिथं मिसळतं.
“भांडत नाही?”
“बेडूक जगतोय की,” मी म्हणालो.

रात्री ‘कप्पे’ खोडून ‘खोल्या’ लिहिलं.
पाणी प्यायला उठलो, परत येऊन
पुन्हा ‘कप्पे’ केलं.
पर्याय ‘ड’ रिकामा होता, तिथं टंकलं:
एक बेडूक.

चूकच आहे. पण या एका चुकीला
डुबुक परत दिलंय, आणि अर्धा गुण.
संगणक अर्धा गुण मानत नाही.
दोन वाजलेत,
अजून त्याची समजूत काढतोय.