एक तास मागे

मला विचारलेला प्रश्न एवढाच होता:
शीतगृह कुणी बंद केलं?
चाळीस टन खारवलेला कॉड, पोर्तुगालला निघालेला,
तीन दिवसांत गुलाबी पडला होता.
ओलेसुंदच्या धक्क्यावर नासलेल्या माशाला कुणी नावं ठेवत नाही,
ठेवतात ती माणसाला.

ओडवार आणि सिगब्यॉर्न. एकतीस वर्षांची भागी.
आता दोन वकील, तीन लवाद,
आणि मी,
ओडवारच्या पैशाने आलेली तज्ज्ञ.

गोदामातला संगणक पिशवीतून आला.
मोहोर. सही. वेळ.
परक्या घरातलं कपाट उघडावं तसा मी तो उघडला,
हात मागे बांधून.
वाचायचं, लिहायचं नाही,
असा अडसर तारेतच बसवलेला.
मग नक्कल, आणि नकलेखाली चौसष्ट अक्षरांचा ठसा:
एखादा स्वल्पविराम जरी सरकला
तरी सगळा ठसा तोंड फिरवतो.

नोंद सापडली. ती लपलेली नव्हतीच.
सोळा जुलै, वीस वाजून दहा मिनिटं, कॉम्प्रेसर बंद.
नऊपर्यंतची पाळी सिगब्यॉर्नची.
वकिलाने फाईल मिटली:
हातच्या कांकणाला आरसा कशाला!

मला आरसाच वाकडा वाटत होता.

दोघांचं खातं एकच, पासवर्डही एकच,
हावडिस,
एकोणतिशीत कर्ज काढून घेतलेली पहिली बोट.
त्या बोटीच्या नावाआड
बटणावरचं बोट झाकून गेलं होतं.
कोण, हे यंत्राला ठाऊक नव्हतं.
त्याला ठाऊक होतं फक्त केव्हा,
आणि तेही चुकीचं.

वीज कंपनीकडून मीटरचे आकडे मागवले.
हीच घसरण तिथे एकवीस वाजून दहा मिनिटांनी.
बंदराच्या कॅमेऱ्यात गोदामाबाहेरचा पंखा
सव्वानऊच्या आत थांबताना दिसतो,
त्याच्यावर एक पांढरा पक्षी येऊन बसतो.
मार्चमध्ये सगळा देश घड्याळ तासभर पुढे करतो.
या एका संगणकाला कुणी सांगितलं नाही.
चार महिने तो बिचारा इमानेइतबारे
हिवाळ्याचीच चाकरी करत होता.

पण माणसांना कळू नये?
नाही कळत. इथल्या जुलैत आठ आणि नऊ
जुळ्या बहिणी, अंगावर एकाच उन्हाचं कापड.
ओडवारने पंखा पुसायला बटण दाबलं असेल,
मध्येच फोन आला असेल,
मग कुणाचं लग्न, कुणाचा ताप, घरी गेला असेल.
असेल.
हा शब्द अहवालात चालत नाही.
तो मी इथे लिहून ठेवते.

सुनावणी जानेवारीत, साडेतीनलाच दिवे लागलेले.
अहवालाचं बारावं पान वाचून झालं
तेव्हा ओडवारने वकिलाचा हात बाजूला केला.
"तुम्हाला पैसे मीच दिलेत ना?"
रागावून नव्हे. रस्ता विचारावा तसा.
मी म्हटलं, हो. तासाच्या हिशोबाने.
आणि मला एक तासच सापडला.

कुणी हसलं नाही.
सिगब्यॉर्न जिंकला होता,
पण जिंकल्यावर हात कुठे ठेवतात हे त्याला आठवेना.
बाहीवर नसलेलं काहीतरी
तो बराच वेळ झटकत राहिला.

संगणक अजून माझ्याकडेच आहे.
परत न्यायला दोघांपैकी एकाची सही लागते.
दोनदा पत्र टाकलं, कुणी आलं नाही.
पिशवीतून काढून, तारेतला अडसर तसाच ठेवून,
परवा मी तो एकदा सुरू केला:
अजूनही जुनंच चालतंय सगळं त्याचं,
पडद्यावर हावडिस मागतो,
आणि हिवाळा असल्याने, आत्तापुरती,
त्याची वेळ बरोबर आहे.