वीसची नोट

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, परकीय चलनाच्या काचेआड
मी बसतो. ढाकू येडगे आला भर दुपारी,
घोंगडीच्या घडीतून काढली
वीस डॉलरची नोट.
दाजीपुरात गवे बघायला आलेल्या बाईनं दिलेली,
वाट दाखवली म्हणून.
वाट त्याच्याच जुन्या गोठ्याच्या
जोत्यावरून जाते.

निळ्या दिव्याखाली धरली. हिरवा दोरा पेटला.
खरी आहे, म्हटलं.
"आन् ह्यो बाबा कोन?"

माझा एम.फिल.चा प्रबंध याच बाबापाशी अडला,
गाईड वारले, मग नोकरी लागली,
त्यामुळं जरा जास्तच बोललो.
जॅक्सन. गरिबाघरचा. बाप जन्माआधीच गेलेला.
निवडून आला तेव्हा लोक चिखलाच्या बुटांनी
त्याच्या सरकारी दिवाणखान्यात घुसले,
खुर्च्यांवर चढले नुसतं बघायला.
मोठ्यांची मोठी बँक मोडली त्यानं.
कागदी पैशावर काडीचा विश्वास नव्हता,
आणि बसवला कुठं, तर कागदावर.

ढाकू हसला. "मग ब्येस मानूस की."

शेतावर गुलाम राबायचे त्याच्या, शंभराच्या वर.
आणि रानातली माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच,
त्यांना मोठ्या नदीपलीकडं हलवायचा कायदा.
सही ह्याची. पुढच्यानं हाकलली, हिवाळ्यात.
हजारो वाटेतच मेली.

पंखा तेवढा फिरत राहिला.

"चालत न्हेली?"
बहुतेक चालत.
"आमास्नी ट्रकनं. जनावरं?"
ते माझ्या प्रबंधात नव्हतं.
"कुनीकडं?"
मावळतीकडं.
"आमी उगवतीकडं. शिरोळच्या अंगाला.
पांढरी फटक जमीन, मिठावानी.
म्हसरं तीन वर्सात सरली."
मग काचेच्या भोकाशी तोंड आणून, हळूच,
"सातबारा दिला का त्येंस्नी?"

तसा शब्द दिलेला, म्हटलं.
गवत उगवतंय, पाणी वाहतंय,
तोवर तुमचंच.

बराच वेळ तो नोटेवरचे केस बघत बसला,
वाऱ्यानं मागं गेल्यासारखे.
"गवात तर उगवतंयच की सायेब."

रुपये दोनदा मोजले, थुंकी लावून.
फॉर्मवर अंगठ्याआधी थांबला.
"पत्ता जुना लिवायचा का नवा?"

मी नवाच लिहिला.
नियम आहे.