दोन जीबीत मावेल तेवढं

कोल्हापूरच्या गाडीतून पेपर येतो साडेअकराला.
त्यात सहाव्या पानावर, पंपांच्या जाहिरातीखाली,
बोटभर बातमी:
जी कंपनी साऱ्या जगाला सारं काही शोधून देते
ती आता गाणीही विकणार म्हणे.
'म्हणे' माझं नाही, पेपरातलंच.
सूत्रांकडून समजते. शक्यता नाकारता येत नाही.
कंपनीने बोलण्यास नकार दिला.

मी पेपरावर भज्यांची पुडी उलगडली
आणि रीडरमध्ये पुढचं कार्ड घातलं.

देवगड बंदर, बर्फाच्या फॅक्टरीसमोर
सहा बाय आठचा गाळा.
मेमरी कार्ड भरून मिळेल.
दोन जीबी तीस रुपये, चार जीबी पन्नास,
डबलबारी हवी असेल तर यादी वेगळी.
चोरीच आहे, कबूल.
एकाही गाण्याचा पैसा मी कुणाला पोचवलेला नाही.
पण शोधण्याचं म्हणाल, तर तो धंदा माझाही आहे.

माझ्याकडे टाइप करायला चौकट नाही.
ओल्या पायांनी माणसं येतात,
काउंटरवर बर्फाचं पाणी ठिबकत उभी राहतात:
"ता गाणा रे, ज्येच्यात ती घाट उतरता
नि मागसून बासरी वाजता."
नाव काय?
"नाव म्हायत असता तर तुझ्याकडे कित्याक येतंय?"
मग हुसेन डोंगरकर गुणगुणतो, बेसूर,
अख्खी चाल मोटरीच्या ठेक्यात बसवलेली,
आणि मी डोळे मिटून
हार्ड डिस्कच्या तळाशी हात घालतो,
चिखलात तिसऱ्या घासणीला शिंपली लागावी तसं
गाणं लागतं.

कंपनीला हे जमेल. जमेलच, मी खुळा नाही.
आभाळातून गाणी सोडतील, कार्डाची गरज नाही.
फक्त बारा वावांच्या पुढे रेंज जाते,
आणि बांगडा त्याच्याही पुढे असतो.

गेल्या आठवड्यात इंदिरा तारी आली.
पिशवीत कॅसेट, कॅसेटवर बुरशी.
तिचा नवरा बुवांच्या मागे पखवाजाला असायचा;
कुठल्याशा जत्रेतली बारी, कुणीतरी भरलेली.
त्याचं गाणं नाही, बोलणं नाही,
तिसऱ्या गजराच्या आधी
तो एकदा घसा खाकरतो, एवढंच.
"तेवढाच काढून दी."

कापसाने फीत पुसली, स्पिरिट लावलं,
दोन रात्री गेल्या.
खाकरणं निघालं, मागेपुढे थोडा पखवाज ठेवला.
संगणकाने विचारलं, कलाकार?
काही लिहिलं नाही तर तो आपोआप लिहितो: अज्ञात.
म्हणून लिहिलं, मोतीराम तारी.

मग उगाच, बातमी डोक्यात होती म्हणून,
तेच नाव त्या कंपनीच्या चौकटीत घातलं.
ती नम्रपणे म्हणाली,
तुम्हाला 'मोतीराम तारीख' म्हणायचं होतं का?

नाही.

इंदिरेने पैसे विचारले. मी म्हटलं, बांगडे दे कधीतरी.
मोबाईल कानाला लावून
ती फॅक्टरीच्या सावलीत बसली,
संपलं की पुन्हा सुरू करत.

संध्याकाळी हुसेनचं कार्ड भरताना
शेवटी तीन एमबी उरले.
तेवढ्यात पुरतं गाणं बसत नाही,
आणि रिकामी जागा परत करणं
मला धंद्यात कधी जमलं नाही.

परवा बोट लागली.
माल उतरायच्या आधीच हुसेन गाळ्यात,
अंगाला डिझेलचा वास, डोळे जागलेले:
"तो खोकता तो कोण रे?
रातभर आमच्यात एक माणूस जास्ती होतो."