रकाना

गाडीला चार महिने झाले, किलोमीटर तीन हजार एकशे बारा.
मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच.
पुतण्या म्हणतो, काकू, काढा आता, पाठ चिकटते.
आणि हा दिवा.
पोटाशी भलामोठा फुगा धरून बसलेला माणूस,
पिवळा, काट्याच्या डाव्या अंगाला.
सोमवारी आणिक आगारापाशी लागला.
मंगळवारी नाही. बुधवारी, गुरुवारी नाही.
मग रविवारी, घाटल्याच्या खड्ड्यानंतर, भर दुपारी.

सर्व्हिस सेंटरच्या फाटकात शिरलं की विझतो,
दवाखान्याच्या पायरीवर दातदुखी थांबते तसा.
साळसकर नावाचा मुलगा, हातात टॅबलेट,
"मॅडम, आत्ता काही नाही. जुना कोड होता, पुसला."
पुसला, म्हणजे फळ्यावरचा खडू जणू.
दोनदा नेली. दोनदा नुसती धुऊन दिली.

मी पाणी खात्यातली बाई.
तीस वर्षं भांडुपला बाटल्यांतलं क्लोरीन मोजलं.
"कधीमधी पिवळं येतं" अशी तक्रार आली
तर कधीमधीवर आम्ही अहवाल लिहीत नसू.
पहाटे चारला त्या नळाशी जाऊन उभं राहायचं,
येईपर्यंत.
म्हणून वही घातली:
तारीख, वेळ, रस्ता, पेट्रोल किती, एसी चालू की बंद,
खड्डा बसला का (हा रकाना कधी रिकामा नाही).
एकवीस नोंदी.
रविवार-सोमवार जरा दाट, बाकी काही जुळेना.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर, भंगाराच्या दोन गाळ्यांमध्ये
युनूस मुकादम, वायरमन, मूळचा मुरुडकडचा.
त्याने आधी बॉनेट उघडलं नाही. वही मागितली.
ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचली,
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"बाजूला कोण बसतं ते कुठे लिहिलंय?"

रकानाच नव्हता.

पुतण्या चहा आणायला गेला होता, नशीब.
"शनिवारी एक जण," मी म्हणाले.
"उंच आहेत?"
"सव्वासहा फूट."
हा आकडा तोंडातून पहिल्यांदाच निघाला.
विचारलं कोणी होतं, म्हणा.

विश्राम तांडेल. रात्रशाळेत भूगोल शिकवायचे.
माहुलच्या जेट्टीपर्यंत जातो, काचा अर्ध्या उघड्या,
उकडलेल्या शेंगा खातो, खाडीला ओहोटी लागलेली बघतो.
ते उतरले की मी टरफलं वेचते, अगदी रुळाच्या फटीतलीसुद्धा,
आणि सीट मोजून चार खाचा पुढे,
होती तिथे.

युनूसने सीटखाली टॉर्च मारला. "या, बघा."
एक पिवळा प्लग, वायर ताणून पांढरी पडलेली.
"एअरबॅगची आहे. सीट मागे गेली की ओढली जाते,
पुढे घेतली की सैल. पिन अर्धी बाहेर.
मग एखादा खड्डा बसला की बास.
तुटलेली नाही ताई. धड लागलेलीपण नाही."
मी कपाळाला हात लावला, उन्हासाठी.
एवढं झाडून-पुसून ठेवलं मी,
आणि बोलली कोण, तर ही वायर.

त्याने प्लग दाबून बसवला, टक् असा आवाज झाला,
वायरला थोडा ढिलावा देऊन दोन ठिकाणी पट्टी आवळली.
दीडशे रुपये.
"आता पुढे-मागे झाली तरी चालेल," म्हणाला,
"पण एका जागी राहिली तर वायरला बरं."

पुतण्या चहा घेऊन आला. गाडीत बसला आणि हरवला.
"काकू, किती मागे आहे ही सीट! कोणासाठी?"
खाली वाकून लिव्हर शोधू लागला.

"राहू दे," मी म्हणाले. "तिथेच राहू दे."

बीकेसीच्या वळणापर्यंत तो काही बोलला नाही.
प्रत्येक खड्ड्याला मी डावीकडे बघत होते,
दिव्याकडे,
आणि जरा पलीकडे, त्याच्याकडे.