रोही

वैनगंगेच्या थडीला आमचं अडीच एकर.
आता तिथं फाटक आहे, वीस रुपये तिकीट.
गुणाजी बावनेला, म्हणजे माझ्या बापाला, फुकट.

मचाण होतं त्याच जागी मनोरा बांधलाय
लोखंडी, हिरवा.
पाटी : शांतता राखा.
इथूनच तीस वर्षं
बापानं रात्र रात्र डालड्याचा पिपा बडवला,
हरभऱ्यातले रोही हाकलले.

परवा नागपूरची पोरं दुर्बीण लावून बसली होती.
गवत हललं. रोही आला, काळा, थोराड.
बापाचा हात उठला
आणि तसाच राहिला.
"खा लेका," म्हणाला, "आता तुयंच हाये."

मग खाली उतरून
गवत सारलं, चिमूटभर मळई चोळून पाहिली.
"वापसा हाये अजून!"
जरा मोठ्यानंच.

वरून पोरांनी ओठांवर बोट ठेवलं.