मीठफुटी

लिटरला पाच पॉइंट चौऱ्याऐंशी ग्रॅम.
काट्यावर मीठ मोजताना मी पंखा बंद करते,
नाहीतर शेवटचा आकडा ठरत नाही.
प्रयागबाई दारात चपला काढून उभी.
एवढं मीठ, ती म्हणते, आमच्या घरी
दोन दिवसांच्या वरणात पडंना आता.
मागच्या पोळ्यापासून तिला बीपीची गोळी आहे.

शेडनेटमध्ये बहात्तर कुंड्या.
कागदावर अश्वगंधा. तिच्या गावाकडं ढोरगुंज,
बांधावर आपोआप उगवणारी,
शेळीसुद्धा हुंगून पुढं जाते.
इथं मात्र प्रत्येकीला पट्टी आहे:
पांढरीला साधं पाणी, निळीला पन्नास,
लालला शंभर, काळीला दीडशे.
शिवाय युरिया. काहींना चिमूट, काहींना दोन,
काहींना नुसतीच माझी नजर.

तिचं गाव मानवतच्या अलीकडं, कालव्याखाली.
आम्ही जे ग्रॅममध्ये घालतो
ते तिथं पाण्यानं न मोजता घातलं.
खालच्या अंगाच्या दोन एकरांवर
फाल्गुनात पांढरी पापडी धरते,
पोरं ती जिभेवर ठेवून बघतात.
म्हणून तिला झारी धरवत नाही पहिले काही दिवस.
कामून छळायलाव ह्याला?
चांगलं जगायलं होतं की.

मी सांगते, मुळाचं दार एकच.
मिठातला क्लोराइड, खतातला नायट्रेट
त्याच दारात रेटारेटी करतात.
नायट्रेट पुरेसा असला
तर क्लोराइड जरा मागं सरतो. जराच.
म्हंजी पोटात भाकर असली की खारट सोसतं, ती म्हणते,
आणि पुढच्या कुंडीकडं वळते.
एवढं सुटसुटीत मला
सहा पानांच्या प्रस्तावनेत जमलं नव्हतं.

पंचेचाळिसाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या.
पांढरी पट्टी, दोन चिमटी युरिया: हिरवीगार, लग्नघरातल्या करवलीसारखी,
उपटली तर मूळ सुतळीएवढं.
आणि एकतीस नंबर. लाल पट्टी, एक चिमूट.
वीतभर उंची, नखाएवढी पानं,
मूळ काडीसारखं, पण मोडलं की
आत घोड्याच्या घामाचा तो वास.
प्रयागबाईनं नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.
तिच्या बापाचा टांगा होता स्टेशनावर.
रुपया, ती म्हणाली. घोड्याचं नाव.

औषधाचा टक्का एकतीसमध्ये सगळ्यांत जास्त निघाला.
खंदारे सर फोनवर दोनदा म्हणाले,
बघा, ताण दिला की झाड देतं.
तिनं ते ऐकलं, झारी खाली ठेवली.
मंग आमच्या गल्लीतल्या समद्या बाया
औषधाच्याच की ओ म्याडम.
आम्ही दोघी हसलो. बराच वेळ हसलो.
मग मी तिला काळ्या पट्टीच्या रांगेत नेलं.
अठरांपैकी अकरा कुंड्यांत नुसती माती,
वर मिठाची साय.
ह्यांच्या मुळ्यांत किती निघालं?
मोजायला मूळच नव्हतं, प्रयागबाई.
तिनं वाळलेल्या काड्या वेचल्या,
कचऱ्याच्या बादलीत टाकल्या नाहीत,
भिंतीकडेला ओळीनं मांडल्या.

सर म्हणतात, आलेख शंभरावर थांबवू,
रेघ छान वर जाते.
दीडशेला ती खाली कोसळते, वाचणारा गोंधळतो.
मी हो म्हणाले. घरी आले.
रात्री सातच कुंड्यांचा तो ठिपका
पुन्हा जागेवर बसवला,
त्याच्या शेजारी कंसात, बारीक अक्षरात
उरलेल्या अकरांचा आकडा.

आज कुंड्या धुवायचं काम आहे.
तळाच्या भोकातून पाणी निथळतंय,
प्रयागबाई बोट लावून चाखते,
थुंकते, परत पाणी ओतते.
अजून खारट.
तिसऱ्यांदा.
एकतीस नंबरचं बी तिनं पदराच्या गाठीत बांधलंय.
मी पाहिलंय. नोंदवहीत
बियांच्या रकान्यात मी एक आडवी रेघ ओढते.