राखण

थेंब थेंब पाणी आलं सुईतून,
विठाताईच्या कण्यातलं.
नळीवर चिठ्ठी मीच चिकटवली:
वय त्रेचाळीस, वेंगुर्ला, तापाचा सहावा दिवस.
मग सूक्ष्मदर्शकाखाली धरून मोजू लागलो.
एरवी चार-पाच पेशी दिसतात.
दोनशे दहावर डोळ्यांपुढचं काचेचं गोल धूसर झालं.
बहिणीच्या पेशी दुसऱ्याला मोजायला द्याव्यात,
हे ओरसच्या लॅबमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्हायरस आहे,
कुठला ते कळायला वेळ लागेल.
मेंदूला कुंपण असतं म्हणे.
मला मोचेमाडचा खारबांध दिसला:
कुर्लीनं एक भोक पाडलं
की भरतीचं पाणी भातात.

आत मायक्रोग्लिया असतात.
आपल्या जन्माआधीच वस्तीला आलेले,
पुन्हा कधी बाहेर न पडलेले.
मी त्यांना राखणदार म्हणतो.
घोंगडी, काठी, पायात वाहाणा,
रात्रभर दारोदार कडी चाचपत फिरणारे.
एका घरात शिरकाव झाला की ते घर बोंब मारतं,
शेजारी कड्या घालतात,
राखणदार हात आखडून घेतो, फुगतो,
रक्तातल्यांना हाळी देतो
आणि खायला बसतो.

अकराव्या दिवशी ताप उतरला.

विठाताई पुन्हा बाजारात बसली.
कोयती तशीच चालते,
कर्लीचा तुकडा काटे राखून,
भाव तोंडपाठ, सुटे पैसे चोख.
पण गिऱ्हाईक विचारतं, "ही कसली गो?"
आणि ती माझ्याकडे बघते.
"ह्येचा नाव काय रे, बाळग्या?"
गुंजली, मी सांगतो. लेप. मुडदुशी.
तिनंच शिकवलेली,
चुकलेल्या प्रत्येक नावाला एक टपली.

बाई म्हणाल्या, व्हायरस गेल्यावरही
ते कधीकधी खात राहतात.
पेशी-पेशींमधले साकव,
ज्यांवरून नाव जिभेपर्यंत चालत येतं,
ते.

मग राग कुणावर धरायचा?
दरवर्षी आम्ही त्याला राखण देतो,
कोंबडा, भाकरी, नारळ,
आणि मागे न बघता घरी येतो.
यंदा त्यानं मान वाकवायची वाट पाहिली नाही.

काल टोपलीच्या तळाशी एकच मासळी उरली.
विठाताईनं ती तळव्यावर घेतली,
शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं.
मी तोंड उघडलं.
"रव. सांगू नको."
बंदरावर दिवे लागले.
मांजर येऊन बसलं, कंटाळून गेलं.
बर्फाचं पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं.
ती अजून बघत होती.